आत्याबरोबर तिरुवण्णामलैला

गुरुवार : चेन्नईहून पुढे

हे जाणं मुळात बायकोबरोबर ठरलं होतं. ऐनवेळी तिच्या ऑफिसात ऑडिट निघालं, रजा गेली, आणि कराडची आत्या "मग मी येते की" म्हणून बॅग घेऊन हजर झाली. आत्या सत्तरीला टेकलेली, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त, गुडघे कुरकुरणारे पण जीभ ठणठणीत. तिच्या देवघरात तमिळनाडूतले संत रमण महर्षी यांचा एक छोटा फोटो मी लहानपणापासून बघत आलोय. पांढरी दाढी, बारीक कापलेले केस आणि आपल्याकडेच बघणारे डोळे. फोटो कुणी दिला, का ठेवला, हे तिला आठवत नाही. "चेहरा चांगला वाटला, ठेवला," एवढंच.

माझं कारण वेगळं होतं. मी चाकणच्या एका कारखान्यात परचेस बघतो. दिवसभर फोन, भाव, तारखा, "डिस्पॅच झालं का". त्यात जूनपासून घरी चिरंजीवांचं प्रकरण. इंजिनिअरिंगची दोन वर्षं झाल्यावर ते सोडून तो इतिहास घेऊन बी.ए. करायचं म्हणतोय. वाद घालून दोघंही दमलो आणि मग अबोला सुरू झाला. कुठेतरी जाऊन निवांत गप्प बसावं, एवढंच मनात होतं. तमिळनाडूत तिरुवण्णामलैला असलेला त्यांचा रमणाश्रम त्यासाठीच ओळखला जातो. सोबतीला आत्या असेल हे मात्र हिशेबात नव्हतं.

चेन्नई विमानतळावरून गाडीने चारेक तास लागतात. तिंडिवनमला महामार्ग सोडला की भातखाचरं, ताडाची झाडं आणि मध्येच कुणीतरी टोपलीने ओतल्यासारखे धोंड्यांचे डोंगर. जिंजीचा किल्ला रस्त्यावरूनच दिसला. आत्या लगेच सरसावली, पण ऊन इतकं होतं की परतताना थांबायचं ठरवून पुढे निघालो. त्यानंतर तासाभरात सपाट माळावर एकटा उभा असलेला अरुणाचल, तिरुवण्णामलैचा डोंगर, दिसायला लागला. उंची फार नाही, आठशे मीटरच्या आसपास. पण आजूबाजूला त्याच्या तोडीचं काही नसल्याने नजर तिथेच जाते.

जाणाऱ्यांसाठी : आश्रमात राहायचं तर बऱ्याच आधी ईमेलने विचारावं लागतं. पहिल्यांदा येणाऱ्यांना मोजकेच दिवस देतात. भाडं नाही, देणगी ज्याच्या त्याच्या मनाची. खोल्या साध्या आणि स्वच्छ आहेत. बंगळूरहूनही अंतर साधारण दोनशे किलोमीटर आहे, त्यामुळे तिकडून येणंही सोयीचं. माकडं फार, पिशवीत केळं दिसलं तर पिशवीच जाते.

शुक्रवार : जुना हॉल, पत्रावळ आणि स्कंदाश्रम

पहाटे मोरांनी उठवलं. कौलांवर, भिंतींवर, गोशाळेच्या छपरावर, जिकडे तिकडे मोर, आणि त्यांचं ओरडणं ऐकलं की शांतता वगैरे कल्पना जरा बाजूला ठेवाव्या लागतात. आंघोळ करून समाधीच्या हॉलमध्ये गेलो. मोठी जागा, गुळगुळीत फरशी, कडेने प्रदक्षिणा घालणारी माणसं. काही झपाझप, काही एकेक पाऊल टाकत. लगतच महर्षींच्या आईची समाधी, तिच्यावर मातृभूतेश्वराचं देऊळ.

पण खरी बसण्याची जागा म्हणजे जुना हॉल. हॉल म्हणायचं एवढंच, आपल्याकडच्या शाळेचा एखादा वर्ग असतो तेवढी खोली. एका बाजूला दिवाण, त्यावर महर्षींची तसबीर. १९२८ पासून पुढची वीसेक वर्षं ते याच खोलीत राहिले. दिवसा याच दिवाणावर बसायचे, रात्री इथेच झोपायचे. स्वतंत्र खोली नाही, दाराला पहारा नाही. पुष्कळ लोक प्रश्न घेऊन यायचे आणि न विचारताच परत जायचे, असं त्या काळच्या आठवणींतून वाचायला मिळतं. विचारलंच तर उत्तर बहुधा एकच : हा प्रश्न कुणाला पडलाय ते आधी बघा.

मी भिंतीला टेकून डोळे मिटले. पहिली पाच मिनिटं पंख्याचा आवाज. मग गेल्या आठवड्यातला एक सप्लायर आला. कास्टिंगचा भाव किलोमागे तीन रुपयांनी वाढवून मागत होता. त्याला मी मनातल्या मनात मुद्देसूद उत्तर दिलं. तो काहीतरी बोलला, त्यावरही उत्तर दिलं. मग आमचे प्लँट हेड आले, त्यांनाही दिलं. मग मुलगा. त्याच्यासाठी भाषणच तयार होतं, सुरुवात-मध्य-शेवट असलेलं, त्यात माझ्या वडिलांचा दाखलासुद्धा. डोळे उघडून घड्याळ पाहिलं तर पाऊण तास गेलेला. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असेल, काय ध्यान लागलंय!

गप्प बसण्याचा मला अनुभव नाही असं नाही. परचेसमध्ये ते हत्यारच आहे. समोरच्याने भाव सांगितला की काही बोलायचं नाही, कागदाकडे बघत राहायचं. पाचव्या-सहाव्या सेकंदाला तो आपणहून उतरतो. घरातला अबोलाही त्याच जातीचा, आधी कोण बोलतो त्याची वाट बघण्याचा. इथे मात्र समोर कुणीच नव्हतं, तरी माझी वाटाघाट चालूच होती. हे याआधी इतकं स्पष्ट ऐकू आलं नव्हतं.

नाश्त्याला इडली, सांबार आणि वाफाळती कॉफी. पंगतीत आत्याला तिचा माणूस भेटला. वेल्लोरकडचे एक निवृत्त रेल्वेवाले, ज्यांनी नोकरीतली काही वर्षं सोलापुरात काढली होती. "ताई, जेवण झालं काय?" असं त्यांनी सोलापुरी सुरात विचारलं आणि आत्याने त्यांना जागेवरच अण्णा करून टाकलं. अण्णा वर्षातून दोनदा इथे येतात. आश्रमाचा सगळा इतिहास त्यांना तोंडपाठ.

आश्रमाच्या मागच्या दारातून स्कंदाश्रमाची वाट निघते. दगडांनी बांधून काढलेली सोपी चढण, पाऊण तास पुरतो. वाटेत दगडाच्या छोट्या मूर्ती कोरत बसलेले कारागीर भेटतात. आत्या थांबत थांबत, पण हट्टाने चढली. वर पोचल्यावर एका जागी झाडी बाजूला होते आणि खाली अख्खं अरुणाचलेश्वराचं देऊळ दिसतं, चारही दिशांची गोपुरं आणि त्यांच्याभोवती पसरलेलं गाव. बसेसचे हॉर्न बारीक होऊन वर येतात.

तिथल्या कट्ट्यावर अण्णांनी १८९६ सालची गोष्ट सांगितली. मदुरैच्या मिशन हायस्कुलातला सोळा वर्षांचा वेंकटरामन, म्हणजे पुढचे रमण महर्षी, वडील वारलेले, काकांच्या घरी राहणारा. अभ्यासातून मन उडालेलं. पुस्तक बाजूला सारून डोळे मिटून बसलेला बघून थोरला भाऊ चिडून बोलला, की असं वागणाऱ्याला ही पुस्तकं नि हे घर कशाला हवं? मुलगा उठला. शाळेत विजेवरचा जादा तास आहे म्हणाला. भाऊ म्हणाला, जातोच आहेस तर माझ्या कॉलेजची फी भरून ये, पेटीतले पाच रुपये घे. त्याने तीनच घेतले आणि चिठ्ठी ठेवली. मी चाललोय, शोध घेऊ नका. शेवटी व्यवहाराची ओळ : तुझी फी भरलेली नाही, सोबत दोन रुपये आहेत. १ सप्टेंबरला तो इथे पोचला आणि नंतर हे गाव सोडून कधी गेला नाही.

मी ऐकत होतो. कॉलेजची फी आणि घरातून निघालेला मुलगा हा विषय मला सध्या जरा जास्तच लागतो. या गोष्टीत सगळे त्या मुलाकडे बघतात. मी त्या भावाकडे बघत होतो. त्याचं तरी काय चुकलं होतं? फी बुडाली, धाकटा गेला, आणि शंभर-सव्वाशे वर्षं त्याची आठवण निघते ती एका रागाच्या वाक्यासाठी.

खाली विरूपाक्ष गुहा आहे. तिथे महर्षी १८९९ पासून १९१६ पर्यंत होते, पुढे सहाएक वर्षं स्कंदाश्रमात. गुहा लहान, आत दमट उबारा, आणि बाहेरचा आवाज जवळजवळ येत नाही. मी दहा मिनिटं बसलो आणि घामाघूम होऊन बाहेर आलो. आत्या आत अर्धा तास. "गार वाटलं," म्हणाली. कुणाला काय वाटेल, सांगता येत नाही.

साडेअकराला जेवण. जमिनीवर पंगत, समोर पत्रावळ, मांडी घालता येत नाही त्यांच्यासाठी टेबलं. बादलीतून भात, सांबार, एक भाजी, रसम, शेवटी ताक. वाढपी भराभर येतात, हात आडवा केला नाही तर भाताचा डोंगर होतो. रसम आत्याला इतकं आवडलं की ओंजळीत घेऊन प्यायली. भिंतीवर महर्षींचे फोटो, आणि त्यातच अण्णांनी सांगितलेली मला सर्वांत आवडलेली गोष्ट. हा माणूस अनेक वर्षं पहाटे उठून इथल्या स्वयंपाकघरात भाजी चिरत असे, चटणी वाटत असे. देठं फेकलेली चालायची नाहीत, सांडलेला दाणा उचलून ठेवायचे. पानात इतरांपेक्षा जास्त वाढलेलं खपायचं नाही. ज्यांच्या गप्प बसण्यापुढे बसायला लोक समुद्र ओलांडून येत, ते पहाटे भाज्यांच्या ढिगाशी बसलेले. मौन म्हणजे कामाला सुट्टी, असं मी धरून चाललो होतो. इथे तसा काही नियम दिसेना.

संध्याकाळी आवारातल्या छोट्या समाध्या बघितल्या. लक्ष्मी नावाच्या गाईची (ती १९४८ साली गेली), एका हरणाची, एका कुत्र्याची, आणि चक्क एका कावळ्याची. आत्या तिथे बराच वेळ उभी. "आपल्याकडे कावळ्याची आठवण फक्त पिंडाला," म्हणाली.

शनिवार : गिरिप्रदक्षिणा

अरुणाचलाची प्रदक्षिणा चौदा किलोमीटरची, अनवाणी. पौर्णिमेला लाखोंनी लोक येतात, आम्ही मुद्दाम पौर्णिमा टाळली होती. पहाटे चारला मी एकटाच निघालो. आत्यासाठी रिक्षा ठरवली. रिक्षावाले वाटेतल्या आठ लिंगांपाशी थांबत थांबत फेरी घडवून आणतात, त्यामुळे गुडघेवाल्यांनी अजिबात वाईट वाटून घेऊ नये.

डोंगर उजव्या हाताला ठेवून चालायचं. पहिले दोन किलोमीटर मजेत गेले, मग तळपाय बोलायला लागले. बारीक खडा टोचला की तेवढ्यापुरता डोक्यातला सप्लायर गायब होतो, हे माझ्या लक्षात आलं. कडेला भगव्या कपड्यांतले साधू झोपलेले, काही उठून चूळ भरताहेत. कापराचा वास, लिंगांच्या छोट्या देवळांतून घंटा, आणि दर पाचशे पावलांवर एक कुत्रं. कुत्री शांत आहेत, फक्त सोबत करतात. माझ्याबरोबर एक यमलिंगापासून निघालं ते पार निऋतिलिंगापर्यंत आलं आणि तिथे दुसऱ्या माणसाकडे वळलं.

आश्रमातून डोंगर एक सलग दिसतो. पश्चिमेकडे वळलं की त्याला दोन-तीन शिखरं फुटतात, आणखी पुढे गेलं की तो ओळखू येत नाही. उजाडताना आदि अण्णामलैच्या देवळाशी पोचलो. तिथून दिसणारा डोंगर आणि काल खोलीच्या दारातून दिसलेला डोंगर एकच आहे हे कुणी सांगितल्याशिवाय पटणार नाही. आत्या रिक्षातून तिथे उतरलीच होती. रिक्षावाल्याला मराठी येत नाही, हिला तमिळ येत नाही, तरी त्याला दोन मुली आहेत आणि मोठी नर्सिंगला आहे हे तिला कळलेलं. कसं, ते विचारण्यात अर्थ नव्हता.

टपरीवर कॉफी घेतली. स्टीलच्या पेल्यातून वाटीत आणि वाटीतून पेल्यात, हातभर उंचीवरून, एक थेंब न सांडता. पोरगं विशीच्या आतलं. माझ्याकडे बघत नव्हतं, कॉफीकडेही बघत नव्हतं. फोन कानाला लावून बोलत होतं, तरी हात चुकत नव्हता.

जाणाऱ्यांसाठी : नऊच्या आत फेरी संपवा, नंतर डांबर पाय धरू देत नाही. मला चार तासांच्या वर लागले. पाण्याची बाटली आणि सुटे पैसे ठेवा. डोंगराच्या वाटांवर एकट्यादुकट्याने, विशेषतः बायकांनी एकटीने, आडवाटेला जाऊ नये असं सगळेच सांगतात. शिखरावर जायला मनाई आहे.

दुपारभर पाय कोमट पाण्यात. संध्याकाळी देवळात गेलो. पूर्वेचं राजगोपुर २१७ फुटांचं, कृष्णदेवरायाने सुरू केलेलं आणि तंजावरच्या सेवप्पा नायकाने पुरं केलेलं. आत गर्दी, रांगा, पोलीस. हजार खांबांच्या मंडपातलं पाताळलिंग बघितलं. तिथल्या अंधारात तो सोळा वर्षांचा मुलगा किड्यामुंग्यांनी मांड्या फोडल्या तरी बसून होता, म्हणतात. मला तिथे मिनिटभरही थांबवलं नाही, मागून लोटालोट चालू होती.

देवळाहून फार लांब नाही पवळकुंड्रु, एक छोटी टेकडी. अण्णांनी आवर्जून सांगितलं म्हणून गेलो. १८९८ साली मुलाचा पत्ता लागल्यावर आई, अळगम्माळ, थोरल्या मुलाला घेऊन इथे आली. घरी चल म्हणून रोज विनवण्या. रडली, रागावली, खायला करून आणलं. मुलगा बोलेना. शेवटी कुणीतरी त्याच्यापुढे कागद आणि पेन्सिल ठेवली. त्याने लिहिलं त्याचा मतलब असा, की जे व्हायचं नाही ते कितीही धडपडलं तरी होत नाही, जे व्हायचं ते अडवून थांबत नाही, तेव्हा गप्प राहणं उत्तम. आई परत गेली.

लोक इथे हात जोडतात. आत्याने जोडले नाहीत. पायरीवर बसली आणि म्हणाली, "कागद वाचून ती बाई उतरली असेल ना या पायऱ्या? कसं उतरली असेल रे?"

मला उत्तर सुचलं नाही. पुढची गोष्ट मात्र मीच तिला सांगितली, काल वाचलेली. अठरा वर्षांनी आई कायमची त्याच्याकडे राहायला आली आणि तिने चूल मांडली. एकदा ती पापड करायला बसली आणि मुलाला मदतीला बोलावलं. त्याने लाटण्याला हात लावला नाही, तिच्यासाठी पापडाचंच गाणं रचलं. कुठलं पीठ, कसं कुटायचं, कुठल्या तेलात तळायचं, सगळं अध्यात्मातलं. आत्या खळखळून हसली. "म्हणजे काम तिलाच करावं लागलं!" मग जरा वेळाने, "पण गाणं केलं हो तिच्यासाठी." १९२२ च्या मे महिन्यात आई गेली तेव्हा तो दिवसभर तिच्या उशाशी, एक हात छातीवर आणि एक डोक्यावर ठेवून बसला होता. आश्रम उभा राहिला तो तिच्या समाधीपाशी.

रविवार : पाऊस

सकाळी काहीच केलं नाही. ग्रंथालयाच्या व्हरांड्यात पेपर वाचला. अण्णांनी आत्याला सांगितलं की महर्षींना आपल्या संतांच्या गोष्टी फार प्रिय होत्या, नामदेवांचा नाममहिमा तर ते लोकांना वाचून दाखवत. यावर आत्याने "आपले नामदेव पंजाबपर्यंत गेले होते, इथवर यायला काय हरकत" असं म्हणून विषय मिटवला.

चारला चहा झाला आणि आभाळ भरून आलं. ऑगस्टअखेरीस इकडे दिवसभर भाजून काढतं आणि संध्याकाळी असा पाऊस येतो. मी जुन्या हॉलमध्ये शिरलो, आत्याही खुर्ची धरून बसली. वीसेक माणसं असतील. पाच मिनिटांत वीज कडाडली, लाइट गेले, पंखे थांबले. खिडक्यांची दारं आपटायला लागली. एक म्हातारे गृहस्थ उठले, एकेक खिडकी लावून आले आणि पुन्हा जागेवर बसले. बाकी कुणी हललं नाही. छपरावर पाऊस इतका, की शेजारच्याचा श्वास ऐकू येईना.

माझं भाषण पुन्हा सुरू झालं, मुलासाठीचं. त्या अंधारात पहिल्यांदाच ते शेवटपर्यंत गेलं. शेवटचं वाक्य झालं आणि पुढे काही नव्हतं. पुन्हा सुरुवातीपासून म्हणायचा कंटाळा आला. आणि मग एकदम रायगड आठवला. तो सहावीत असेल. चोरदिंडीपाशी उभा राहून मला काहीतरी समजावत होता, हात हलवून, इकडून तिकडे धावत. माझ्या कानाला फोन होता आणि मी बोट वर करून "एक मिनिट" अशी खूण केली होती. तो काय सांगत होता ते अर्थातच आठवेना. त्याचं तोंड हलताना दिसत होतं, आवाज नव्हता.

रडू वगैरे काही आलं नाही, साक्षात्कारही नाही. फक्त एवढं जाणवलं की गेले तीन महिने मी ज्याच्याशी मनात वाद घालतोय तो मुलगा माझ्याच डोक्यातला आहे, माझ्याच वाक्यांना सोयीची उत्तरं देणारा. खरा मुलगा पुण्यात आहे आणि त्याचं म्हणणं मी एकदाही पूर्ण ऐकलेलं नाही. सप्लायरचंही तेच असेल, पण त्याचं ऐकायचे मला पैसे मिळत नाहीत.

तासाभराने पाऊस उतरला. बाहेर मातीचा वास, झाडांवरून टपटप, आणि ओलेचिंब मोर पंख झटकत होते. आत्या तासभर एक शब्द बोलली नव्हती. मी तिच्याकडे बघितलं.

"मी पस्तीस वर्षं पोरांना 'गप्प बसा' म्हणत आले," ती म्हणाली, "आणि ते कायम शिक्षा म्हणून." थोडं चालली. "एका तरी वर्गाला सांगायला हवं होतं, चला, गंमत म्हणून बसूया." मग लगेच, "कॉफी संपली असेल का रे?"

संपली होती. रस्त्यापलीकडच्या टपरीवर प्यालो, तिथे गरम मेदुवडेही मिळाले. सोबतच्या चटणीत नारळ सढळ हाताने घातलेला.

सोमवार : जिंजी

अण्णांचा निरोप घेऊन सकाळी लवकर निघालो. त्यांनी आत्याला नारळ दिला, आत्याने त्यांना कराडहून आणलेला शेंगदाण्याच्या लाडवांचा डबाच देऊन टाकला, जो मी चार दिवस जपून खात होतो.

जिंजी तिरुवण्णामलैहून तासाभरावर. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रगिरी या तीन टेकड्या आणि त्यांना जोडणारी तटबंदी. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यातला महाराष्ट्राबाहेरचा हा एकच. आत्या खालीच कल्याणमहाल आणि धान्यकोठारं बघत बसली. मी राजगिरी चढायला लागलो. चढ दमवतो. सकाळीच जा, दुपार कलली की वर सोडत नाहीत. वर दुकान नाही, पाणी खालूनच न्या. टोपी विसरू नका, सावली नाही.

अर्ध्यावर एका दरवाजाच्या सावलीत बसलो आणि मुलाला फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं. तो "हां बाबा" म्हणाला, त्या नेहमीच्या सावध आवाजात.

"जिंजीत आहे," मी म्हणालो. "राजगिरी चढतोय. इथलं मला काही माहीत नाही. सांग."

थोडा वेळ काहीच नाही. मग सुरू झाला. १६७७ साली महाराजांनी दक्षिण मोहिमेत हा घेतला आणि तटबंदी मजबूत करून घेतली, म्हणून बारा वर्षांनी तो कामाला आला. राजाराम महाराज पन्हाळ्याहून वेष पालटून निघाले, कुठून कसे आले, कुठे ओळखले जाता जाता वाचले. झुल्फिकारखानाचा वेढा १६९० ला पडला आणि किल्ला पडला १६९८ ला, आणि त्याआधीच महाराज निसटलेले. आठ वर्षं मराठ्यांची राजधानी तमिळ मुलखात, बाबा, आणि आपल्याला शाळेत त्यावर एक परिच्छेद. वेढा इतका लांबला कसा, खानाला खरंच किल्ला घ्यायचा होता की नाही, यावर लोकांची मतं काय काय आहेत. मध्ये एकदा म्हणाला, "ऐकताय ना?" मी "हो" म्हणालो. बॅटरी वीस टक्क्यांवर आली होती.

"वर जाताना शेवटी दोन कड्यांच्या मध्ये एक पूल लागेल," तो म्हणाला. "पूर्वी तो काढून घेता यायचा म्हणे. तिथे थांबा आणि खाली बघा. फोटो पाठवा मला. नीट, आडवा धरून."

पूल लागला. आडवा फोटो काढला, दोन काढले, त्यातल्या एकात माझं बोट आलंय. तोच आधी गेला. उत्तर आलं, "बोट काढा."